बत्तीस नंबरचा चिमटा

आलमबागच्या चौकात टेंपो अडकला होता. टेंपोवाल्याच्या टेपवर एक बाई विरहाचं गाणं गात होती, आणि शेजारी पोलिसांची जीप येऊन उभी राहिली. जीपमधला दरोगा वायरलेसचं बटण दाबून कुणावर तरी खेकसला, आणि त्याच क्षणी टेपवरच्या बाईचा गळा फाटला. खर्र. दरोगा पलीकडचं ऐकायला थांबला, बाई सलग झाली. दरोगा पुन्हा बोलला, बाई पुन्हा तुटली. टेंपोतली माणसं हसली. "वर्दी के आगे अच्छे-अच्छों का सुर बिगड़ जाता है, भाईसाहब," टेंपोवाला मागे न बघता म्हणाला.

आत्माराम हसला नाही. त्याच्या मांडीवर मटारची थैली होती, थैलीवर उजवा हात होता, आणि त्या हाताचा अंगठा आपणहून मागे ओढला जात होता. मागे, अजून मागे. त्याने अंगठ्याकडे पाहिलं, शेजारच्या उतारूच्या अंगठ्याकडे बघावं तसं. तो अंगठा हातातल्या सेटवरून उडवायच्या छोट्या विमानाचं नाक वर उचलत होता. सहा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी त्याने जे केलं होतं आणि ज्याचा काही उपयोग झाला नव्हता, तेच तो पुन्हा करत होता. बाई तुटली की ओढ, सलग झाली की सैल. जीप निघून गेली. बाई सुखाने रडायला लागली. अंगठा थांबला. बिजागरी तुटली नव्हती.

बिजागरी तुटलेलं विमान असं पडत नाही. हे त्याला माहीत होतं. हे त्याला सहा वर्षं माहीत होतं. शेपटीच्या फळीची बिजागरी तुटली की विमान एकदा नाक खाली घालतं आणि मग येतं ते सरळ येतं, दगडासारखं. त्याचं स्पिटफायर तसं आलं नव्हतं. ते झटके खात आलं होतं. डावीकडे, उजवीकडे, नाक वर, नाक खाली, जसं काही एकाच वेळी दोघंजण त्याला हाका मारत होते आणि कुणाकडे जावं ते त्याला कळत नव्हतं. अमौसीला विमानतळावर रोज वायरलेसच्या यंत्रांशी झोंबणाऱ्या माणसाला हे दिसू नये? दिसलं होतं. पण दिसलेलं मनात शिरायला दार लागतं, आणि ते दार त्याने स्वतःच बंद करून ठेवलं होतं, कारण त्या दारावर एक लाकडी चिमटा लटकत होता.

चिमटा म्हणजे कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. त्यावर लाल रंगात बत्तीस लिहिलेलं. हवेतून विमान चालवायचं तर हातातला सेट आणि विमानातला सेट एका नंबरवर लागतात. त्याच नंबरवर दुसऱ्या कुणी सेट चालू केला तर विमान दोघांचं ऐकतं, म्हणजे कुणाचंच ऐकत नाही. म्हणून मैदानावर एक फळी असते. फळीवर प्रत्येक नंबराचा एकच चिमटा. ज्याच्या सदऱ्याला चिमटा, त्याचं आकाश. चिमटा सदऱ्याला लावल्याशिवाय सेटच्या बटणाला हात लावायचा नाही, आणि चिमटा घेऊन मैदान सोडायचं नाही. जानकीपुरमच्या मैदानावरची ती फळी आत्मारामने स्वतः रंधा मारून केली होती, चिमटे बायकोच्या, चंद्रप्रभाच्या, दोरीवरचे. नियमही त्यानेच केले. त्या रविवारी बत्तीस नंबर त्याच्या सदऱ्याला होता. मग दुसरं कोण असणार? कुणी नाही. दुसरं कुणी नाही म्हणजे मी. माझी बिजागरी, माझा हात, माझी चूक, माझी पोरगी.

नाही, असं नाही. क्रमाने.

बत्तीस नंबरचे सेट लखनौत दोनच होते. एक आत्मारामचा, एक विश्वासरावांचा. विश्वासराव औषधांच्या संशोधन संस्थेत मोठे शास्त्रज्ञ, पुण्याचे, बोलण्यात इंग्रजीची फोडणी. आत्माराम मिरजेचा. ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली, आराशीच्या मागे, दिव्यांची माळ कुणालाच पेटवता येत नव्हती तेव्हा. विश्वासराव परदेशातल्या परिषदेहून येताना दोन सेट घेऊन आले. एकाच दुकानातले, घाईत उचललेले, घरी येऊन बघतात तर दोन्हींवर तोच नंबर. "आता आलटून पालटून उडवू, आत्मारामपंत," ते हसून म्हणाले होते. "एका म्यानात दोन तलवारी." आणि चार हिवाळे तसंच चाललं. विश्वासरावांचं हरिकेन उतरलं की आत्मारामचं स्पिटफायर चढे. एकाने चिमटा काढून दुसऱ्याच्या खिशाला लावायचा, वर खिशावर थाप मारायची. तेव्हा जानकीपुरम म्हणजे नुसते आखलेले प्लॉट. डांबरी रस्ते तयार, घरं नाहीत. बाभळी, मोहरीची शेतं आणि मधूनच कुठे जायचं ते न कळून थांबलेला एखादा रुंद काळा रस्ता. त्या रस्त्यावरून दुसऱ्या महायुद्धातली विमानं उठत. इंजिनात जळलेल्या एरंडेलाचा निळा धूर, थंडीतलं ऊन, आणि स्पिटफायर वळताना त्याच्या पंखांखालचं आभाळी पोट. त्या पोटाच्या रंगासाठी तो तीनदा कानपूरला गेला होता. देविकाच्या शाळेत तो तेव्हा एकदाही गेला नव्हता.

त्या रविवारी देविका विटांच्या ढिगावर बसली होती, पेरू खात, आणखी दोन-तीन पोरांबरोबर. बारा वर्षांची. स्पिटफायर रस्त्यावर पडलं, फुटलं, आणि फिरत्या पंख्याचा एक तुकडा उडाला. एवढासाच तुकडा. तो कुणाच्याही वाट्याला आला नसता, जागा भरपूर होती, सबंध आभाळ पडलं होतं, तो तिच्या डाव्या डोळ्यात

टेंपो हलला. "अरे चाचा, मटर गिरा रहे हैं आप," समोरची बाई म्हणाली. शेंगा टेंपोभर झाल्या होत्या. त्याने त्या वेचल्या नाहीत.

पुढचं आठवायला त्याला सहा वर्षांत कधी जमलं नव्हतं, कारण पुढे नुसतं धावणं होतं, आणि माणूस धावतो तेव्हा समोरचंच बघतो. आता टेंपोत बसून त्याला कडेचं दिसायला लागलं. सगळे पोरीकडे धावताहेत. कुणीतरी ओरडतंय, गाड़ी निकालो, गाड़ी. आणि कडेला, बाभळीखाली, जिथे विमानांची जुळवाजुळव चालायची तिथे, विश्वासराव उभे आहेत. ते धावत नाहीत. त्यांच्या हातात सेट आहे आणि ते एरियल मिटताहेत. चकचकीत एरियल, एकात एक जाणाऱ्या नळ्यांचं, तळहाताने खाली दाबताहेत. शेवटची नळी अडकते, ते पुन्हा दाबतात. मग सेट गवतात ठेवतात, आणि मग धावतात.

एरियल उघडतो कोण? ज्याला सेट चालू करायचा आहे तो.

त्यांनी काही वाईट मनात आणलं नसणार. हेच तर जास्त होतं. हरिकेनच्या शेपटीत काहीतरी अडत होतं, सकाळपासून त्यांची कुरकुर चालली होती. हाताशी सेट होता. चार वर्षांची सवय, आत्माराम उतरलाच असेल, नजर वर टाकायची कुणाला पडलीय. खट्. चूक अशी की चहात साखर दोनदा पडावी. पण त्यानंतरची सहा वर्षं? ती काही चुकून झाली नव्हती. इस्पितळात आत्माराम पोरीच्या उशाशी होता, तेव्हा मैदानावरचे तुकडे विश्वासरावांनी गोळा केले. त्यांनीच चार लोकांना शेपटीची फळी उचलून दाखवली. "ही बघा. बिजागरी." पडलेल्या विमानाची बिजागरी तुटणार नाही तर काय. मग ते इस्पितळात आले, आत्मारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या हलक्या आवाजात म्हणाले, "स्वतःला दोष देऊ नकोस. कुणाकडूनही राहून जातं." कुणाकडूनही! घराशी येईपर्यंत आत्माराम ते वाक्य चघळत होता. त्यानंतरचा एकेक उपकार त्याला आठवत गेला आणि एकेक उपकार तोंडात कडू होत गेला. ती संत्री. सुनेत्रावहिनींनी पाठवलेले ते रव्याचे लाडू. दिल्लीतला तो डोळ्यांचा डॉक्टर, विश्वासरावांच्या ओळखीचा. नकली डोळा बसवला त्या दिवशी त्यांनी आणलेला तो चष्मा, "फ्रेम अशी की कुणाला कळणारसुद्धा नाही." दर संक्रांतीला तीळगूळ. दर वर्षी त्याच मायेने तेच, "अरे, एकदा ये ना मैदानावर. किती दिवस शिक्षा करून घेणार?"

किती दिवस ते आता ठरणार होतं. पण शिक्षा कुणाची, ते बदललं होतं.

"मटार एवढेच?" चंद्रप्रभा म्हणाली. "पैसे दोन किलोचे दिलेत ना? फसवलं तुम्हाला त्या भैयाने."

"फसवलं," आत्माराम म्हणाला.

त्याने माळ्यावरून सेट काढला. शनिवारच्या सुट्टीची दुपार होती, ऊन गॅलरीतून आत आलेलं. चंद्रप्रभा कणीक मळता मळता दारात आली आणि हात तसेच धरून उभी राहिली. "अहो, ते कशाला?" तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "त्या वस्तूला परत हात लावणार नाही असं तुम्ही बोलला होतात. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"उडवणार नाहीये. नुसता बघतोय, चालतो का."

"चालून करायचंय काय पण?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, फार चांगलं, आणि ते तो दिवसभर जिभेखाली ठेवून फिरत होता. त्याने बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. छोटा तांबडा दिवा लागला. विश्वासरावांनी यंदा मस्टँग केलं होतं. तीन हिवाळे खपून, प्रत्येक रिव्हेट रंगवून. मंडळात तिळगुळाच्या आधीच सगळ्यांना त्याचे फोटो वाटले होते. रविवारी ते पहिल्यांदा उडणार होतं. बत्तीस नंबर. तोच सेट, आत नंबर ठरवणारं तेच क्रिस्टल, दुसऱ्या कुणाला नको असलेला नंबर. आत्माराम गॅलरीत बसून ते पडताना बघायला लागला. एकदा ते रस्त्यावर पडलं आणि विश्वासराव गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करताहेत, आणि तो जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवतोय, स्वतःला दोष देऊ नका, कुणाकडूनही राहून— नाही, हे फार सोपं झालं. पुन्हा. ते बाभळीत अडकलंय, अर्धं, आणि विश्वासराव खालून बघताहेत, आणि तो विचारतोय, बिजागरी का हो, विश्वासराव? सगळ्यांदेखत, हिंदीत, म्हणजे सगळ्यांना— पुन्हा. ते पडतंय आणि विश्वासराव वळतात आणि त्यांना आत्मारामच्या हातातलं एरियल दिसतं. नुसतं एवढंच. तो एरियल मिटतोय. सावकाश. शेवटची नळी अडकते, तो पुन्हा दाबतो.

हे बरोबर होतं. त्याने डोळे मिटले. सहा वर्षांत इतकं बरं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

देविकाला बरोबर न्यायचं हे त्याने आधीच ठरवलं होतं. न्याय ज्याच्यासाठी करायचा त्याला तो दिसायला हवा. ती आता अठराची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, घरात मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची. "मैदान?" तिने पुस्तकातून मान वर केली. "आप? कसम टूट गई क्या?" "बघायला फक्त." ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. तिची नजर अशी होती की एक डोळा विचारायचा आणि दुसरा काहीच बोलायचा नाही. "ठीक है. चलिए."

सहा वर्षं तो तिची डावी बाजू होऊन राहिला होता. रस्त्यावर तिच्या डावीकडे चालणारा, बसमध्ये डावीकडे उभा राहणारा, जिन्याच्या डाव्या कठड्याला आधी स्वतःचा हात लावून बघणारा. शाळेत सोडायला, आणायला, कोचिंगला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला, बाहेर स्कूटरवर बसून तास न् तास. तिची भूमिती त्याने शिकवली, तिच्या केसांची वेणीसुद्धा तो घालायला शिकला, चंद्रप्रभा आजारी होती तेव्हा. मंडळातल्या बायका म्हणत, बाप असावा तर असा. त्याला ते ऐकवत नसे. हे प्रेम नव्हतं, ही परतफेड होती. आणि आता स्कूटरच्या मागच्या सीटवर तिचं वजन घेऊन जानकीपुरमकडे जाताना त्याला एकाएकी वाटलं की ही परतफेड त्याने दुसऱ्याच्या नावावर केली आहे. सहा वर्षांची. आणि ती परत मागता येणार नाही. राग त्याच्या मनगटात उतरला. स्कूटर जोरात गेली. "बाबा, धीरे," मागून देविका म्हणाली.

मैदान लहान झालं होतं. प्लॉटांवर घरं आली होती, गच्च्यांवर रजया वाळत होत्या, पण शेवटचा रस्ता अजून मोकळा होता आणि त्याच्या पलीकडे मोहरी पिवळीधमक होती. दहा-बारा माणसं, दोन गाड्या, भुईमुगाच्या शेंगांचा ठेला. फळी तीच, त्याच्या हातची. विश्वासराव मस्टँगवर वाकलेले होते, केस पांढरे झालेले, गळ्यात मफलर. त्यांनी मान वर केली, आत्माराम दिसला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की आत्मारामला तो चेहरा तिथेच फाडावासा वाटला. "अरे! आलास! देविका, बेटा, तू पण? आज मस्टँगला चांगला पायगुण मिळाला." ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ये हैं हमारे आत्माराम जी. ये बोर्ड, ये चिमटे, सब इन्हीं का है. असली फाउंडर." एक तरुण सरदारजी, नवा, चकचकीत जॅकेटातला, पुढे होऊन नमस्कार करून गेला.

आत्माराम देविकाला घेऊन स्कूटरपाशी परत आला आणि तिच्या डावीकडे उभा राहिला. पिशवी हँडलला होती. पिशवीत सेट.

मस्टँग उठलं. उठलं ते फारच सुंदर उठलं, हे त्याला बघावं लागलं. रस्त्याच्या शेवटी चाकं आत ओढून घेतली आणि कलतं वळण घेऊन ते उन्हात आलं. चंदेरी, नाकाला लाल पट्टा, आवाज मधाच्या पोळ्यासारखा दाट. लोक टाळ्या वाजवत होते. विश्वासराव पाय रोवून उभे, मफलर उडतोय, खिशाला बत्तीस नंबर. आत्मारामच्या अंगठ्याला ते प्रत्येक वळण आधीच कळत होतं. त्याने पिशवीत हात घातला. एरियल वर आलं, पिशवीबाहेर, एक नळी, दुसरी. मस्टँग मोहरीवर गेलं होतं, तिथे खाली माणूस नव्हतं, जनावर नव्हतं. तेवढं त्याने पाहिलं, आणि ते पाहिलं याचाही त्याला राग आला, कारण विश्वासरावांनी एवढंसुद्धा पाहिलं नव्हतं.

खट्.

मस्टँग दचकलं. डावीकडे, उजवीकडे, नाक वर. तेच. अगदी तेच, त्याला झोपेत येणारं तेच. टाळ्या थांबल्या. विश्वासरावांचे खांदे वर गेले, अंगठा मागे, मागे. मोहरी वर यायला लागली. एक श्वास फक्त, आणि त्या श्वासात आत्मारामला हवं असलेलं सगळं होतं.

"यही था ना?" देविका शेजारून म्हणाली. "उस दिन. काका ने भी ऐसे ही किया था."

त्याच्या बोटाने बटण बंद केलं. ते त्याने केलं की बोटाने, ते त्याला नंतरही ठरवता आलं नाही. मस्टँग मोहरीच्या शेंड्यांवरून उठलं, डळमळलं, आणि विश्वासरावांचं झालं.

"तुला कुणी सांगितलं?"

"काका ने. हॉस्पिटल में." ती विमानाकडे बघत होती, मान पूर्ण डावीकडे वळवून. "मेरी दोनों आँखों पर पट्टी थी. उन्हें लगा सो रही हूँ. फिर समझ गए कि जाग रही हूँ. बहुत रोए. बोले, बाबांना मी सांगेन, तू सांगू नकोस." शेवटचं वाक्य तिने मराठीत म्हटलं, विश्वासरावांच्या पुणेरी सुरात, हुबेहूब.

"आणि तू— सहा वर्षं?"

"शुरू में काका का इंतज़ार किया. कि बोलेंगे." ती थांबली. "फिर मैंने सोचा, रहने दो."

"रहने दो? मी रोज मरत होतो, देविका."

"पता है. रोज देखती थी." तिच्या आवाजात क्रूरपणा नव्हता, ती केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलबद्दल बोलावं तशी बोलत होती. "बाबा, उससे पहले आपको पता था मैं कौन-सी क्लास में हूँ? उस दिन अमरूद खाते-खाते मैंने आपको कितनी आवाज़ें दीं. आप ऊपर देख रहे थे. आँख गई तो आप नीचे आए. मैं बता देती तो आप फिर ऊपर चले जाते. काका के साथ लड़ते, फिर दोस्ती करते, फिर उड़ाते." ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "मैंने सोचा, एक आँख के बदले इतना तो बनता है."

मस्टँग उतरलं. वाईट उतरलं, एका चाकावर, पण अख्खं उतरलं. लोक धावले, पाठ थोपटायला लागले. "क्या बचाया है, डाक्टर साहब!" विश्वासराव हसले नाहीत. त्यांनी हातातल्या सेटकडे पाहिलं, मग फळीकडे, मग गर्दीवरून नजर फिरवत फिरवत स्कूटरपर्यंत आले. पिशवीतून एरियल अजून बाहेर होतं. आत्मारामने ते मिटलं नाही. त्या मिटण्यातली सगळी गोडी कुठे गेली ते त्याला कळेना. विश्वासरावांना कळलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा फटक पडला होता आणि तो पाहून काहीच होत नव्हतं. सूड घ्यायचा माणूस समोर होता, आणि शेजारीही होता, आणि दोघांनी मिळून त्याला सहा वर्षं एका डब्यात ठेवलं होतं, एकाने भीतीने आणि एकीने— त्याला शब्द सापडला नाही. त्या डब्यात त्याने वेण्या घातल्या होत्या. त्या डब्यात तो चांगला माणूस होता.

विश्वासरावांनी सवयीने खिशाचा चिमटा काढला आणि फळीवर लावला. दोनदा लावावा लागला.

आत्माराम चालत गेला. लोक बाजूला झाले. त्याने बत्तीस नंबर काढून आपल्या सदऱ्याला लावला आणि फळीपाशी उभा राहिला.

"आत्माराम," विश्वासराव हळू म्हणाले, "मी सांगणार होतो. दर संक्रांतीला सांगणार होतो."

"हो."

"तुझ्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. आणि मग— मग उशीर झाला. तू रागाव. मार मला. मस्टँग तोड, घे, आत्ता तोड."

"नको. छान झालंय."

"मग?"

"उडवायचंय ना तुम्हाला पुन्हा? वारा चांगला आहे." आत्मारामने चिमट्यावर बोट ठेवलं. "हा माझ्याकडे आहे."

"तू उडवणार आहेस?"

"नाही."

"मग किती वेळ?"

"आज दिवसभर. पुढच्या रविवारी पण. मी आता दर रविवारी येईन. सगळ्यांच्या आधी. नियम तुम्हाला माहीत आहे."

विश्वासरावांच्या तोंडून हसण्यासारखा एक आवाज निघाला आणि अर्ध्यात मोडला. त्यांना समजलं होतं. दुसरा सेट आणता आला असता, दुसरा नंबर. पण आणायला तोंड लागतं, आणि ते तोंड घेऊन दर रविवारी या माणसासमोर उभं राहावं लागतं. ते मस्टँगशेजारी रस्त्यावर बसले, डॉक्टर साहब, मफलर धुळीत.

"बाबा, घर चलें," देविका मागून म्हणाली.

तो वळला नाही. त्याला ऐकू आलं होतं. वर एक घार फिरत होती, तो तिच्याकडे बघत होता.

"बाबा."

"तू थांब जरा."

मग त्याला स्कूटरच्या स्टँडचा आवाज आला, आणि किक, आणि दुसरी किक. स्कूटर तिला चालवायला त्याने कधी दिली नव्हती. कॉलेजातल्या कुणाची तरी चालवून ती शिकली असणार, हे त्याला आता कळत होतं. एका डोळ्याला अंतर कळत नाही. डावीकडून येणारं कळत नाही. स्कूटर रस्त्याला लागली, थोडी वेडीवाकडी, मग सरळ. कोपऱ्यावर सीतापूर रोडकडे वळायचं होतं, आणि सीतापूर रोडला ट्रक होते.

"अरे, जा तिच्यामागे!" विश्वासराव उठले होते. "वेडा झालास का? गाडी घे माझी, ही किल्ली. जा!"

"मी गेलो की तू चिमटा घेशील," आत्माराम म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने विश्वासरावांना पहिल्यांदाच तू म्हटलं होतं. मग त्यांनी मस्टँग तसंच रस्त्याच्या मधोमध टाकलं आणि ते धावत सुटले, साठीचा माणूस, एक चप्पल निघाली ती तशीच टाकून. गाडी सुरू झाली, धूळ उडाली, गाडी कोपऱ्यावरून वळली. आत्मारामचे पाय निघाले होते. खरोखरच निघाले होते, चार पावलं गेलेही होते, आणि मग हात सदऱ्यावर गेला. चिमटा घेऊन मैदान सोडायचं नाही. काढून फळीवर लावायचा, एवढंच. हात चिमट्यावर राहिला. त्याने कान दिला, मुख्य रस्त्याकडे. हॉर्न होते, नेहमीचे. करकचून दाबलेला ब्रेक त्याला ऐकू आला नाही. आला नाही असं त्याला वाटलं. कुणीतरी मस्टँग उचलून कडेला ठेवलं. कुणीतरी शेंगांची पुडी पुढे केली. पस्तीस नंबरवाल्याने आपलं ग्लायडर उडवलं, उतरवलं, आवरलं. ऊन गच्च्यांवरच्या रजयांवरून खाली सरकलं.

तरुण सरदारजी दोनदा जवळून गेला, तिसऱ्यांदा थांबला. ज्याच्याबद्दल जन्मभर ऐकलं आहे अशा माणसाशी बोलावं तशा अदबीने त्याने विचारलं, "अंकल जी, आपकी मशीन कौन-सी है?"

"नहीं है."

"तो फिर," त्याने चिमट्याकडे पाहिलं, हसू आवरत, "ये लगाकर क्यों खड़े हैं?"

"मेरी बारी है," आत्माराम म्हणाला.